द डॅम्ड आणि ‘फँटॅस्मागोरिया’ : पंकमधून गॉथिककडे वळलेल्या अल्बमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै १९८५ मध्ये लंडनच्या द डॅम्ड या बँडचा ‘फँटॅस्मागोरिया’ बाजारात आला. जुन्या पंकवाल्यांनी, म्हणजे वेगवान, खडबडीत रॉकच्या चाहत्यांनी, कपाळाला हात लावला आणि काळे कपडे घालून फिरणाऱ्या पोरापोरींनी तो डोक्यावर घेतला. आजही रॉकवर गप्पा रंगल्या आणि हा अल्बम निघाला, की त्याच शंका फिरून फिरून येतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. उत्तरांत माझी आवडनिवड मिसळलेली आहे, ती ज्याने त्याने चाळून घ्यावी.

द डॅम्ड म्हणजे कोण? सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश या पंक बँडनंतरचे का?

नंतरचे कसले, रेकॉर्ड काढण्यात सगळ्यांच्या आधीचे! ऑक्टोबर १९७६ मध्ये स्टिफ रेकॉर्ड्सने त्यांचं ‘न्यू रोझ’ काढलं. ब्रिटिश पंकचं पहिलं सिंगल (सुटं काढलेलं गाणं) म्हणून तेच धरलं जातं. फेब्रुवारी १९७७ मध्ये ‘डॅम्ड डॅम्ड डॅम्ड’ आला, तो ब्रिटिश पंकचा पहिला अल्बम. दोन्हींचा निर्माता निक लो. इझ्लिंग्टनमधल्या पाथवे नावाच्या खुराड्याएवढ्या आठ ट्रॅकच्या स्टुडिओत सगळं उरकलं. मूळ मंडळी चार: गायक डेव्ह व्हेनियन, गिटारवर ब्रायन जेम्स, बेसवर कॅप्टन सेन्सिबल (तो पुढे गिटारकडे वळला) आणि ड्रम्सवर रॅट स्केबीज. अर्थात ही नावं आईबापांनी ठेवलेली नाहीत.

पिस्टल्सनी गदारोळ केला, क्लॅशनी राजकारण केलं, डॅम्डनी धिंगाणा घातला. इतिहास लिहिणाऱ्यांना धिंगाण्याचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून पुस्तकांत त्यांच्या वाट्याला दोन परिच्छेद येतात.

मग अशा बँडला एकदम गॉथिक व्हायची दुर्बुद्धी का सुचली?

‘एकदम’ हा शब्द आधी काढून टाका. व्हेनियनचे १९७६ चे फोटो पाहा. बाकीचे फाटके शर्ट आणि सेफ्टी पिना लावून उभे असताना हा मनुष्य काळ्या कपड्यांत, केस चापूनचोपून मागे वळवलेले, चेहरा पांढराफटक, डोळ्यांभोवती काळं. ड्रॅक्युलाच्या घरचा धाकटा वाटावा असा. बँडमध्ये येण्यापूर्वी तो कबरी खणायचं काम करत असे. ‘गॉथ’ नावाचं काही अस्तित्वात यायच्या किती तरी आधी त्याचा वेश तयार होता. बँडच्या आवाजाला त्या वेशापर्यंत पोचायला नऊ वर्षं लागली, एवढंच.

वाटेतल्या खुणाही आहेत. पहिल्याच अल्बमवर धावपळीच्या गाण्यांमध्ये ‘फील द पेन’ हे एक सरपटत जाणारं, अंगावर येणारं गाणं आहे. १९७९ च्या ‘मशीन गन एटिकेट’वर ‘प्लॅन ९ चॅनल ७’ आहे. टीव्हीवर भयपट दाखवणारी अमेरिकेची व्हँपिरा आणि नट जेम्स डीन यांच्या मैत्रीवर ते बेतलं आहे. त्यात व्हेनियन पहिल्यांदा ओरडायचं सोडून खरोखर गातो. पुढच्या वर्षी ‘द ब्लॅक अल्बम’ आला. दोन तबकड्यांचा, त्यातलं ‘कर्टन कॉल’ हे एकच गाणं १७ मिनिटांचं. त्याच अल्बमवर ‘वेट फॉर द ब्लॅकआउट’ आणि ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’. सतरा मिनिटांचं गाणं करणारा बँड १९८० सालीच पंकच्या कुंपणावर चढून बसला होता. पलीकडे उडी मारायची तेवढी बाकी होती.

तरी पण मोठ्या कंपनीच्या पैशाचा वास येतो की नाही?

येतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. स्टिफ, चिझिक, ब्राँझ असा लेबलांचा, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांचा, फेरा झाल्यावर डॅम्ड एमसीएसारख्या बड्या कंपनीकडे गेले. निर्माता म्हणून आला जॉन केली, म्हणजे ज्याने गायिका केट बुशबरोबर १९८० चा ‘नेव्हर फॉर एव्हर’ केला तो. पाथवेच्या खोलीतून निघालेली मंडळी कुठे येऊन पोचली ते यावरून कळावं.

शिवाय वेळही साधली होती. ब्रिटनमध्ये १९८५ हे साल गॉथिकच्या सुगीचं होतं. मार्चमध्ये सिस्टर्स ऑफ मर्सीचा पहिला अल्बम, मेमध्ये कल्टचं ‘शी सेल्स सँक्च्युअरी’ हे सिंगल, ऑगस्टमध्ये क्युअरचा ‘द हेड ऑन द डोअर’. लंडनच्या सोहो भागात १९८२ साली सुरू झालेल्या बॅटकेव्ह क्लबने या सगळ्या वेशभूषेला घर दिलं होतं. हा प्रकार विकला जाईल हे एमसीएला दिसत होतं. पण त्यासाठी त्यांना कुणाला रंगवून उभं करावं लागलं नाही. व्हेनियन रंगलेलाच होता. संधिसाधूपणाचा आरोप करायचा तर तो कंपनीवर करावा. गायकावर तो चिकटत नाही.

गॉथिक रॉक ऐकून ओळखायचा कसा? नुसते काळे कपडे की आणखी काही?

कान देऊन ऐकलं तर चार गोष्टी सापडतात. गायकाचा आवाज खालच्या पट्टीत, खर्जाकडे झुकलेला. बेस नुसता ठेका धरत नाही, चाल पुढे नेतो. गिटार करकरत नाही, तिला कोरस-फ्लँजर (आवाज थरथरता करणारी उपकरणं) लावून ओलसर, लाटेसारखी हलती केलेली असते. ड्रम्समध्ये झांजांपेक्षा टॉम्सचा, म्हणजे घुमणाऱ्या ढोलांचा, दणका जास्त. वर भरपूर रिव्हर्ब, म्हणजे सगळं एखाद्या रिकाम्या चर्चमध्ये चाललंय असं वाटावं.

पंकमध्ये याच्या नेमकं उलट. गिटारचे फटके सगळे वरून खाली, जीव तोडून, रिव्हर्ब शून्य, आणि अडीच मिनिटांत दुकान बंद.

‘फँटॅस्मागोरिया’ची गंमत अशी की या चारांतली पहिली खूण तो पुरेपूर पाळतो, बाकीच्या तीन सोयीने. त्याचा गॉथिकपणा क्युअरच्या कुढण्यातून आलेला नाही. तो आलाय साठच्या दशकातल्या थाटमाटाच्या पॉपमधून आणि हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या रंगीत भयपटांतून: भडक लाल रक्त, मेणबत्त्या, वाड्याच्या पायऱ्यांवर फडफडणारा काळा झगा. आपल्याकडे रामसे बंधूंनी १९७२ साली महाबळेश्वरला जाऊन पहिला मोठा भयपट केला आणि पुढे धुक्यातल्या हवेल्यांची रांग लावली. त्या हवेल्यांचं कुळ शोधत गेलात तर हॅमरच्याच दाराशी पोचाल. म्हणून रामसेंवर वाढलेल्या आपल्या पिढीला हा अल्बम पहिल्या ऐकण्यातच ओळखीचा वाटतो. भीती वाटायला हवी आणि मजाही यायला हवी, असा तो सौदा आहे.

अल्बममध्ये नेमकं आहे काय?

नऊ गाणी. पहिली बाजू चारांची, दुसरी पाचांची.

सुरुवात ‘स्ट्रीट ऑफ ड्रीम्स’ने. यात सॅक्सोफोन आहे. गाणं ऐटीत चालतं, घाई नाही. व्हेनियन प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज थोडा लांबवतो, जणू पुढचा शब्द द्यायची त्याची इच्छा नाही.

‘द शॅडो ऑफ लव्ह’ हे माझ्या मते अल्बमचं सर्वांत चांगलं गाणं. खाली घोड्याच्या टापांसारखा ठेका, वर वेस्टर्न सिनेमातल्यासारखी गिटार आणि त्यावर अतिशय गंभीर चेहऱ्याने गाणारा खर्जाचा आवाज. खटका त्याच विसंगतीत आहे. ताल म्हणतो नाचा, आवाज म्हणतो टोपी काढा. ‘देअरल कम अ डे’ ठीक, वेगात निघून जातं.

मग ‘सँक्टम सँक्टोरम’. गडगडाट, चर्चमधला ऑर्गन, त्यातून हळूच पुढे येणारा पियानो. कागदावर वाचलं तर हसू येईल इतकं नाटकी आहे, आणि चुकीच्या गायकाच्या हाती ते विनोदी झालंही असतं. व्हेनियन वाचवतो, कारण तो डोळा मिचकावत नाही. सहा मिनिटांहून जास्त वेळ एका पंक बँडने एवढा संयम पाळावा याचंच नवल. हेडफोन लावून रात्री ऐकायचं गाणं. दुपारी लोकलमध्ये ऐकू नका, वाया जातं.

दुसरी बाजू ‘इज इट अ ड्रीम’ आणि ‘ग्रिमली फीन्डिश’ या दोन सिंगल्सनी उघडते. ‘ग्रिमली फीन्डिश’ हा साठच्या दशकातल्या ब्रिटिश मुलांच्या कॉमिकमधला खलनायक, चित्रकार लिओ बॅक्सेंडेलचा. स्पेलिंगमध्ये थोडा फेरफार करून यांनी तो उचलला. गाण्याची चाल जत्रेतल्या वाजंत्रीसारखी उड्या मारते. अल्बमच्या आधी, मार्चमध्ये ते सिंगल आलं आणि ब्रिटनच्या यादीत २१ व्या क्रमांकापर्यंत गेलं. ‘शॅडो ऑफ लव्ह’ २५ पर्यंत.

यानंतर मात्र अल्बमचा दम उतरतो. ‘एडवर्ड द बेअर’ रोमन जगने गायलं आहे, आणि व्हेनियनला बाजूला बसवून दुसऱ्याला गायला लावणं या रेकॉर्डवर तरी पटत नाही. ‘द एट्थ डे’ बरं. शेवटचं ‘ट्रोजन्स’ शब्दांविना आहे. शांत, छान, आणि शेवट करायला काहीतरी हवं म्हणून ठेवल्यासारखं.

हा रोमन जग कोण? मूळ चौघांत तर नव्हता.

वेल्सचा कीबोर्डवादक. १९८२ च्या ‘स्ट्रॉबेरीज’ या अल्बमच्या सुमारास तो बँडमध्ये आला. सेन्सिबल बँड सोडून गेल्यावर त्याने गिटारही हातात घेतली. बेसवर त्याच्याच गावाकडचा मित्र ब्रिन मेरिक आला. ‘फँटॅस्मागोरिया’चा आवाज पंकपासून एवढा लांब का गेला, याचं निम्मं उत्तर इथे आहे. ज्याची बोटं आधी कीबोर्डवर बसलेली असतात, तो गाणं रचताना फटक्यांतून विचार करत नाही, स्वरांच्या थरांतून करतो. ऑर्गन आणि पियानो या रेकॉर्डवर शोभेला नाहीत, गाण्यांचा सांगाडाच त्यांच्यावर उभा आहे.

कॅप्टन सेन्सिबल का गेला? त्याच्याशिवाय याला डॅम्ड म्हणायचं का?

तो गेला १९८४ मध्ये. त्याआधी १९८२ च्या उन्हाळ्यात त्याचं एकट्याचं ‘हॅपी टॉक’ थेट पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. एका जुन्या अमेरिकी संगीतिकेतलं गाणं, लाल बेरे टोपी घालून, बालगीतासारखं गायलेलं. एका बाजूला घरोघरी ओळखला जाणारा विदूषक आणि दुसऱ्या बाजूला बिनलेबलचा बँड, अशा दोन होड्यांवर फार दिवस पाय ठेवता येत नाहीत.

दुसरा प्रश्न अवघड. डॅम्डची जुनी मजा या दोघांच्या खेचाखेचीत होती. व्हेनियन शवपेटीतून उठल्यासारखा गंभीर उभा राहायचा आणि शेजारी सेन्सिबल बॅले नाचणारीचा घेरदार झगा घालून गिटार वाजवायचा. ‘मशीन गन एटिकेट’ ज्यांनी ऐकला आहे त्यांना कळेल. ‘फँटॅस्मागोरिया’त व्हेनियनला अडवणारं, टपली मारणारं कुणी उरलं नाही. त्याचा फायदा असा की अल्बमला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच रंग आहे. तोटा असा की खोडसाळपणा गेला. रॅट स्केबीजचे ड्रम्स तेवढे अधूनमधून जुन्या दिवसांची आठवण देतात. डॅम्ड म्हणायचं का? म्हणायचं, पण हा डॅम्डचा एकाक्ष अवतार आहे हे समजून.

मुखपृष्ठावरची बाई कोण? ते स्मशान खरं आहे का?

खरं आहे. लंडनचं केन्सल ग्रीन, १८३३ साली सुरू झालेलं. फोटो बॉब कार्लोस क्लार्कचा आणि मॉडेल सूझी बिक, जी पुढे गायक निक केव्हची पत्नी झाली. अल्बम न ऐकलेल्यांनाही ते मुखपृष्ठ माहीत असतं, आणि रेकॉर्डच्या दुकानात अर्धी विक्री त्यानेच केली असेल असं मला नेहमी वाटतं.

थोडं विषयांतर. याच केन्सल ग्रीनमध्ये रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ टागोर १८४६ पासून चिरनिद्रा घेत आहेत. आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीवर नोव्हेंबर १९९१ मध्ये अंत्यसंस्कार झाले, ते इथल्याच दाहगृहात. लंडनला जाणारे मराठी पर्यटक मादाम तुसाँच्या रांगेत तिष्ठत उभे राहतात. त्यातला अर्धा दिवस इकडे वळवायला हरकत नाही.

गाण्यांत सैतानपूजा वगैरे आहे का? मुलगा ऐकतो म्हणून विचारतो.

नाही. त्याला ऐकू द्या. वाईटात वाईट म्हणजे फ्रिलचे शर्ट मागेल.

अल्बम चालला का?

चालला, आणि बँडच्या मानाने जोरात. पहिला अल्बम ब्रिटनच्या यादीत ३६ व्या जागी थांबला होता, ‘स्ट्रॉबेरीज’ १५ व्या. ‘फँटॅस्मागोरिया’ ११ पर्यंत पोचला. जुने चाहते कुरकुरले हे खरं, पण समोर नवीन गर्दी आली होती आणि ती तोंडाला पावडर लावून आली होती.

यश पुढे वाढलंही. १९८६ च्या सुरुवातीला ‘एलोइज’ आलं, बॅरी रायनने १९६८ साली गाजवलेलं गाणं. ते तिसऱ्या क्रमांकावर गेलं. त्यावर कुरघोडी करणारं यश डॅम्डच्या कुठल्याही सिंगलला नंतर लाभलं नाही. गंमत पाहा, ब्रिटिश पंकचा श्रीगणेशा करणाऱ्या बँडचं सर्वांत मोठं हिट म्हणजे व्हायोलिनांनी सजवलेलं, ऊर बडवणारं प्रेमगीत.

मग गाडी रुळावरून घसरली कुठे?

पुढच्याच अल्बमवर. १९८६ चा ‘एनिथिंग’ घाईचा आणि पातळ आहे. त्यातलं लक्षात राहणारं गाणं ‘अलोन अगेन ऑर’, आणि तेही लव्ह या अमेरिकी बँडचं. एमसीएचा उत्साह आटला, दशक संपता संपता बँड मोडला. पुढे १९९६ मध्ये व्हेनियन आणि सेन्सिबल पुन्हा एकत्र आले. त्या फळीत बेसवर पॅट्रिशिया मॉरिसन होती, सिस्टर्स ऑफ मर्सीमधून आलेली, म्हणजे गॉथिकच्या माहेरची. तिने व्हेनियनशी लग्नही केलं. २०१८ मध्ये टोनी व्हिस्कॉन्टीने निर्मिलेला ‘ईव्हिल स्पिरिट्स’ सातव्या क्रमांकावर गेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा अल्बम पहिल्या दहात! ब्रायन जेम्स मार्च २०२५ मध्ये वारला. ब्रिन मेरिक त्याआधीच, २०१५ मध्ये गेला होता.

पंककडून गॉथिककडे गेलेले हे एकटेच का?

मुळीच नाही. कॅलिफोर्नियाच्या टीएसओएल या बँडने तर हे आधीच केलं. १९८१ च्या ‘डान्स विथ मी’मध्ये कबरस्तान आलं, १९८२ च्या ‘बिनीथ द शॅडोज’मध्ये कीबोर्ड आला आणि हार्डकोरवाले (आणखी आक्रमक पंकचे) चाहते भडकले. त्यांच्यामागे बडी कंपनी नव्हती, हा फरक. ॲडोलेसंट्स या पंक बँडचा गिटारिस्ट रिक ॲग्न्यू ख्रिश्चन डेथ या बँडमध्ये जाऊन १९८२ चा ‘ओन्ली थिएटर ऑफ पेन’ करून आला. अमेरिकी गॉथिकचा पाया म्हणून त्याचं नाव घेतात.

नंतरच्या पिढीत एएफआय हा अमेरिकी बँड. हार्डकोरपासून सुरुवात करून २००३ च्या ‘सिंग द सॉरो’पर्यंत ते आले आणि अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचले. त्यांचे आधीचे अल्बम नायट्रो रेकॉर्ड्सवर निघाले, ऑफस्प्रिंग या बँडच्या डेक्स्टर हॉलंडच्या लेबलवर. २००१ मध्ये डॅम्डचा ‘ग्रेव्ह डिसऑर्डर’ त्याच नायट्रोवर आला. ऑफस्प्रिंगने डॅम्डचं ‘स्मॅश इट अप’ १९९५ च्या बॅटमॅन चित्रपटासाठी वाजवलं होतं, तेव्हा ऋण कुणाचं कुणावर ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

डॅम्ड कधीच ऐकले नाहीत. थेट ‘फँटॅस्मागोरिया’ लावू का?

लावू नका. आधी ‘न्यू रोझ’ एकदा ऐका, पुरेसं आहे. मग पूर्ण ‘मशीन गन एटिकेट’. त्यानंतर ‘ब्लॅक अल्बम’मधलं ‘वेट फॉर द ब्लॅकआउट’, आणि धीर असेल तर ‘कर्टन कॉल’. एवढं झाल्यावर ‘फँटॅस्मागोरिया’ची पहिली बाजू ऐकलीत की वळण कुठे आलं ते आपोआप कानात बसेल. उलट्या क्रमाने गेलात तर १९७७ चा बँड तुम्हाला गोंगाट वाटेल, आणि तो अन्याय होईल.

‘एलोइज’ या अल्बमवर शोधलं, सापडत नाही. गाळलंय का?

गाळलेलं नाही. मूळ नऊ गाण्यांत ते नव्हतंच, अल्बमनंतर काही महिन्यांनी वेगळं निघालं. नंतरच्या काही आवृत्त्यांत ते जोडलेलं मिळतं, तेव्हा विकत घेण्यापूर्वी मागची यादी वाचा. ‘ट्रोजन्स’ संपल्यावर लगेच ‘एलोइज’ वाजू लागलं तर ती पुरवणी समजावी. मी तरी तिथे थांबवतो आणि ते वेगळं लावतो, मोठ्या आवाजात, शेजारी घरी नसताना.